चांदोरीच्या धुक्याचा फोटो: डिहेझ केलं आणि पहाटच गेली

नदीकाठी · रविवार, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवीय. जरा पाल्हाळ लावतो, पण सगळं सांगितल्याशिवाय चूक कुठे झाली ते तुम्हाला कळायचं नाही.

आज पहाटे साडेपाचला नाशिकच्या गंगापूर रोडवरून निघालो आणि गोदावरीकाठच्या चांदोरीला गेलो. सायखेड्याकडे जाणाऱ्या पुलाच्या अलीकडे गाडी लावून नदीत उतरलो तेव्हा साडेसहा वाजत आले होते. पाणी उतरलं की तिथली पात्रातली जुनी दगडी देवळं दिसतात, त्यांच्यासाठी गेलो होतो. पाणी होतं भरपूर, देवळांचं नीट काही दिसेना. पण समोर जे होतं ते बघून देवळं विसरलोच.

पायाशी ओले काळे दगड, त्यांत अडकलेल्या पाणवेली. पुढे काठीला बांधलेली एक होडी. मग सपाट पाणी आणि त्यावरून सरपटत जाणारी वाफ. पलीकडच्या काठाला बाभळींची रांग, तिच्यामागे आणखी एक रांग, अगदी पुसट, आणि त्याही मागे विजेचा एक टॉवर. सव्वासातच्या सुमाराला सूर्य वर आला तो उघड्या डोळ्यांनी बघता येईल असा, कापडावर पडलेल्या हळदीच्या डागासारखा. दहा मिनिटं मी कॅमेऱ्याला हातच लावला नाही.

कॅमेरा जुना, क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, सोबत १८-५५ किट लेन्स. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ १६, १/३०. कॅमेऱ्यातलं उजेडाचं मीटर जे म्हणालं ते ऐकलं. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) आणि जेपेग दोन्ही घेतले.

घरी येऊन फाईल उघडली तर सगळं राखाडी. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) म्हणजे मधोमध उंटाचं वशिंड आणि दोन्हीकडे ओसाड माळ. मग डिहेझ (धुकं कमी करणारा स्लायडर) +६५, क्लॅरिटी +४०, व्हायब्रन्स +३०. झाडं कोळशासारखी झाली, त्यांच्या कडेने पांढरी रेघ आली, आकाश जांभळट पडलं. वर आकाशात आठ-दहा काळपट ठिपके उगवले, ते आधी नव्हते.

बायकोला दाखवला. ती म्हणाली, "दुपारचा आहे का?" म्हटलं, पहाटेचा. तर म्हणते, "मग पहाट कुठे गेली?"

दोन्ही फोटो आणि रॉ फाईल ड्राइव्हवर टाकली आहे. धुकं काढायचं की ठेवायचं? ठेवायचं तर हा राखाडी चिखल जिवंत कसा करायचा?

मिसळखाऊ · रविवार, रात्री ९:५२

पहिला! फोटो दिसत नाहीयेत, परवानगी सर्वांसाठी खुली करा. आणि चांदोरीहून येताना मिसळ कुठे खाल्ली ते लिहिलं नाही. धागा अपूर्ण आहे.

नदीकाठी · रविवार, रात्री ९:५८

केली खुली. मिसळ नाही खाल्ली, घरी धिरडी होती.

मिसळखाऊ · रविवार, रात्री ९:५९

तीव्र निषेध.

जुना कॅमेरा · रविवार, रात्री १०:३५

नदीकाठी, तुमच्या सौभाग्यवतींना माझा नमस्कार सांगा. मी चाळीस वर्षं डार्करूममध्ये काढली, फोटोवर इतकी नेमकी टीका क्वचित ऐकली.

आधी ते ठिपके. ती सेन्सरवरची धूळ आहे. मूळ फाईलमध्येही आहे, राखाडीत राखाडी म्हणून दिसत नव्हती. तुम्ही कॉन्ट्रास्ट ओढलात आणि ती उघडी पडली. लेन्सचं छिद्र जितकं बारीक (म्हणजे एफचा आकडा जितका मोठा) तितकी तिची सावली ठसठशीत, म्हणून एफ १६ वर जास्त त्रास. मुळात एफ १६ हवंच कशाला? १८ मिलिमीटरला, तुमच्या सेन्सरवर, एफ ८ ठेवून दोन-सव्वादोन मीटरवर फोकस केलात तर जेमतेम सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. एफ १६ ने विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) उलट थोडी धार गेली. शिवाय पाण्यावरची वाफ हलत असते. एफ ८ ला शटर १/१२५ मिळालं असतं, वाफेचे धागे सुटे आले असते. तुमच्यात ते कालवल्यासारखे झालेत.

धुक्याचं निगेटिव्ह छापायला आमच्याकडे कागदाच्या ग्रेड (कॉन्ट्रास्टच्या पायऱ्या) असत. नवशिका हमखास सर्वात कडक ग्रेडचा कागद उचलायचा, कारण निगेटिव्ह फिकं दिसतंय. मग कोळसा आणि चुना, मधलं काही नाही. आमचे उस्ताद म्हणायचे, कागद मऊ घे आणि पुढचा दगड तेवढा बर्न कर (जास्त उजेड देऊन काळा कर). तुमचं डिहेझ +६५ म्हणजे कडक ग्रेडचाच कागद.

शटरबंद · रविवार, रात्री ११:०५

काकांना +१. एक्स्पोजरबद्दल माझे दोन पैसे.

मीटरला समोर पांढरं आहे की राखाडी हे कळत नाही. जे दिसेल ते मध्यम राखाडी समजून तो मोजतो. धुकं हे कापसासारखं फिकट, त्याला मीटरने राखाडी केलं. चिखल तिथूनच आला, एडिटिंगच्या आधीच. धुक्यात +०.७ ते +१ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर जायचं, हिस्टोग्रामचं वशिंड उजवीकडे सरकवायचं, फक्त सूर्याच्या आजूबाजूला लाल चॅनल फुटत (जळून तपशील जात) नाही ना ते बघायचं. सूर्याची तबकडी स्वतः फुटली तर फुटू दे.

आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता ना? मी फाईल उघडून बघितली. ऑटोला वाटलं की हा पिवळेपणा म्हणजे बल्बचा दोष आहे, आणि त्याने तो इमानेइतबारे पुसला. ५३००-५५०० केल्विनला आणून बघा, हळदीचा डाग परत येतो. रॉ आहे म्हणून वाचलात.

सोनचाफा · सोमवार, सकाळी ७:२०

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. सोमेश्वरच्या धबधब्यापाशी रोज चालायला जाते, तिथे सकाळी असंच असतं. फोटो मात्र नेहमी 'कालचा पेपर' येतो. काही करता येईल का?

शटरबंद · सोमवार, सकाळी ७:४८

सोनचाफा ताई, स्क्रीनवर धुक्याच्या मध्यम भागावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल. मग उजेडाची खूण थोडी वर सरकवा. एचडीआर बंद करता येत असेल तर करा, तो धुकं सपाट करतो. आणि लेन्स पदराने पुसा, अर्धं 'धुकं' बोटाच्या तेलाचं असतं. :)

आर्द्रा · सोमवार, सकाळी ११:३०

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

नदीकाठी, तुमच्या फोटोत धुकं एक नाही, तीन आहेत.

पहिलं पाण्यावरचं. रात्रभर हवा गार होत जाते, नदीचं पाणी मात्र तितक्या लवकर गार होत नाही. पहाटे पाणी उबदार आणि वरची हवा थंडगार असा उलटा मामला होतो. पाण्यावरून उठलेली वाफ लगेच गार होऊन तिचे थेंब होतात. चहाच्या कपावर दिसते तीच ही. ही फूट-दोन फुटांवरच विरते आणि झुळूक आली की पळते.

दुसरं जमिनीवरचं खरं धुकं. निरभ्र रात्र आणि वारा पडलेला असला की जमीन आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते, तिला टेकलेली हवा गारठते आणि ओल असेल तर धुकं बसतं. निफाडच्या पट्ट्यात नदी, कालवे, ओलिताची शेती, ओलीला तोटा नाही, आणि थंडीत राज्यातला नीचांक बऱ्याचदा तिथलाच असतो. हवामान खात्याच्या हिशेबात एक किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर ते धुकं. ५०० ते १००० मीटर म्हणजे हलकं, २०० ते ५०० मध्यम, त्याखाली दाट. तुमचं हलक्यात मोडतं.

तिसरी ती डावीकडे, बाभळींच्या कमरेएवढ्या उंचीवरची निळसर आडवी पट्टी. ती मला पाण्याची वाटत नाही. पाण्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने मोठे असतात, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं. निळी छटा येते ती बारीक कणांमुळे. म्हणजे धूर. आणि तो वर न जाता आडवा का पसरला? कारण खाली गार हवा आणि वर उबदार हवा असं झाकण बसलेलं असतं. धूर त्या झाकणाला टेकतो आणि लोळतो.

आता डिहेझ का फसलं ते. धुक्यात दूरच्या गोष्टीचा काळेपणा वजा होत नाही, भागला जातो. समजा ५०० मीटरवरच्या झाडाचा मूळ काळेपणा निम्मा उरला, तर एक किलोमीटरवर पाव उरेल आणि दीडवर आठवा हिस्सा. गेलेल्या काळेपणाच्या जागी हवेचा स्वतःचा उजेड येऊन बसतो. डोळा अंतर मोजतो ते याच उतरंडीवरून. तुमच्या मूळ फोटोत होडी, पहिली रांग, दुसरी रांग, टॉवर अशा चार पायऱ्या स्वच्छ आहेत. क्लॅरिटी आणि कॉन्ट्रास्टला अंतर कळत नाही, त्यांनी चारही पायऱ्या एका पातळीला आणल्या. वहिनींची पहाट तिथे गेली.

डिहेझवाले गणित अंतर ओळखायचा प्रयत्न करतं, पण त्याची एक खोड आहे. कैमिंग हे (He) या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत फार गाजली, डार्कटेबल या फोटो-सॉफ्टवेअरमधलं धुकं काढायचं मॉड्यूल तिच्यावरच उभं आहे. तिचा पाया असा: स्वच्छ हवेतल्या फोटोत आकाश सोडलं तर कुठलाही छोटा तुकडा घ्या, त्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी एक तरी रंग कुठेतरी जवळजवळ शून्य असतो. तो शून्य नसेल तर जितका वर उचलला गेला तितकं तिथे धुकं. हुशारी आहे! पण पांढरा बगळा, चुन्याने रंगवलेलं देऊळ, आकाश दाखवणारं पाणी, यांत मुळातच गडद काही नसतं. गणिताला वाटतं, बाप रे, इथे फारच धुकं. आणि ते बगळ्याला राखेत लोळवतं. तुमच्या फोटोत फिकट भागच तीन चतुर्थांश आहे.

नदीकाठी · सोमवार, दुपारी १:१५

आर्द्राताई, दंडवत. वाचनखूण साठवली. वशिंडाकडे आता आदराने बघतोय.

निफाडकर बागाईतदार · सोमवार, रात्री ८:४५

नेहमी वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

ताईंनी बरोबर ओळखलं. ती निळी पट्टी शेकोटीची. त्या बाजूला द्राक्षबागा आहेत. पारा खाली घसरला की आम्ही रात्री तीन-चारला उठून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतो, पाणी सोडतो, म्हणजे बागेतली ऊब टिकते. घडात साखर भरायच्या वेळेला फार गारठा पडला की मणी तडकतात. तुमच्या फोटोत जे छान लोळतंय ना, त्याच्याखाली कोणीतरी रात्रभर डोळे चोळत उभा आहे.

राग नाही मानू. पण शहरातली मंडळी 'काय सुंदर धुकं' म्हणतात तेव्हा आमच्या पोटात गोळा येतो. छाटणीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरात, फुलोऱ्याच्या टायमाला धुकं बसलं आणि पानं दहा वाजेपर्यंत ओली राहिली की डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आलीच. कांद्यावर करपा. मग फवारणीवर फवारणी. धुकं उठलं की तुम्ही घरी जाता, आम्ही पंप पाठीवर घेतो.

फोटो मात्र झकास आहे. पहिला, बिनरंगाचा. दुसरा नाही आवडला.

नदीकाठी · सोमवार, रात्री ९:१०

दादा, हे माहीतच नव्हतं. मी त्या पट्टीला 'डाग' समजून हीलिंग ब्रशने पुसायला निघालो होतो. खरंच.

टॉवर नको · मंगळवार, सकाळी १०:०२

पट्टी राहू द्या हवं तर, पण तो विजेचा टॉवर आणि पुढच्या पाणवेली तर उडवा! आजकाल एआयने दोन मिनिटांत जातात. मी करून बघितलं, होडी आणि सूर्य, बस्स. कॅलेंडर छापता येईल असं आलं.

कोरं फिल्म · मंगळवार, सकाळी १०:४०

म्हणजे चांदोरी उडवून कॅलेंडर ठेवा. गोदावरीत पाणवेली आहेत हे नाशिककराला कोणी सांगायला नको. सांडपाण्याची खतावळ मिळते म्हणून त्या फोफावतात, पुराबरोबर वाहत जातात आणि खाली पुलांना, बंधाऱ्याला अडकतात. नदीचा फोटो आणि त्यात नदीचं दुखणं नको? माझं मत: एडिटिंगच नको. कॅमेऱ्याने दिलं ते दिलं.

टॉवर नको · मंगळवार, सकाळी १०:५५

फोटो वर्तमानपत्रासाठी नाहीये हो. हौस आहे, हौसेला मोल नाही. आणि कॅमेऱ्याने दिलेला जेपेग कंपनीच्या इंजिनिअरने एडिट केलेला असतो, तो चालतो, मी केलेलं चालत नाही?

कोरं फिल्म · मंगळवार, सकाळी ११:२०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

जुना कॅमेरा · मंगळवार, दुपारी ४:३०

भांडू नका रे पोरांनो. छपाईत अंधार-उजेड वरखाली करणं हा कामाचाच भाग होता, ते कुणी खोटं मानलं नाही. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे देवीचे व्रण घालवणारेही होते, गिऱ्हाईक खूष व्हायचं. मी लग्नाच्या फोटोंत ते केलं आहे, नदीच्या फोटोत कधी केलं नाही. माझा आपला हिशेब असा, जे उद्या सकाळी तिथे जाऊन पुन्हा दिसणार आहे ते पुसायचं नाही, जे माझ्या कॅमेऱ्यातल्या धुळीमुळे आलं ते पुसायचं. टॉवर अडचणीचा वाटत असेल तर चार पावलं डावीकडे सरकायचं होतं, तो बाभळीमागे गेला असता.

टॉवर नको · मंगळवार, दुपारी ४:४१

चार पावलं डावीकडे पाणी आहे काका.

जुना कॅमेरा · मंगळवार, दुपारी ४:५०

मग गमबूट.

पंचवटीकर · मंगळवार, रात्री ९:३०

जागेबद्दल एक सुचवतो. इतक्या लांब जायला वेळ नसेल तर गोदाघाट सोडू नका. गोदावरी एरवी पूर्वेला धावते, पण रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. म्हणजे शहराच्या बाजूच्या काठावर उभं राहिलं की नदीपलीकडे पंचवटी आणि तिच्यामागून सूर्य. नारोशंकराचं शिखर काळं आणि त्याच्यामागे सोनेरी धूर, असं जानेवारीत मिळतं. लक्षात ठेवा, या दिवसांत सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, आग्नेयेकडे वीस-पंचवीस अंश सरकलेला असतो. जो मार्चमध्ये दोन शिखरांच्या मधून येतो तो जानेवारीत भलतीकडेच उगवतो. आदल्या दिवशी ॲपवर बघून जा.

पण तिथली हवा धुक्याची कमी आणि चुलीची, गाड्यांची, कचऱ्याच्या धुराची जास्त. रंग पिवळट-तपकिरी येतो. मला आवडतो. स्नान करणाऱ्यांवर मात्र लांब लेन्स रोखू नका, विशेषतः बायाबापड्यांवर. विचारलं तर गुरुजी स्वतः पोझ देतात.

आणि २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय, घाटावर कामं चालू असतात. आज दिसलेली पायरी पुढच्या महिन्यात मोकळी सापडेलच असं नाही.

आर्द्रा · मंगळवार, रात्री १०:०५

पंचवटीकरांच्या मुद्द्याला जोडून: सूर्याकडे तोंड केलं की तीच हवा दाट दिसते आणि पाठ केली की विरळ, कारण हे कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला फेकतात. गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर उभं राहून हे पाच मिनिटांत पडताळता येतं. पूर्वेकडे बघा, सगळं दुधात. वळून अंजनेरी-ब्रह्मगिरीकडे बघा, डोंगराच्या घड्यासुद्धा मोजता येतात. एकच सकाळ, एकच हवा.

पोलरायझर फिल्टर घेऊन जाणाऱ्यांनी तो सूर्याच्या काटकोनात वापरावा, तिथे कोरडी धुरकट हवा थोडी कापली जाते. सूर्यासमोर किंवा खऱ्या धुक्यात तो फक्त एक-दीड स्टॉप उजेड खातो.

शटरबंद · मंगळवार, रात्री १०:२०

आणि लेन्सवर दव येतं त्याचं काय? मी गाडीत हीटर लावून जातो, उतरल्यावर लेन्स गरम, बाहेर गार, म्हणून दव येतं असं मला वाटतं.

आर्द्रा · मंगळवार, रात्री १०:३१

उलटं. गरम काचेवर दव बसत नाही. दव बसतं ते काच हवेपेक्षा गार झाली की. तुम्ही ट्रायपॉडवर लेन्स आकाशाकडे उघडी ठेवून अर्धा तास उभे राहता, ती गवतासारखीच उष्णता सोडून गारठते. हूड लावा, मधल्या वेळात टोपी घाला. खरा धोका परतताना. गारठलेला कॅमेरा घेऊन चहाच्या टपरीत शिरलात की आतबाहेर घाम फुटतो. बॅगेची चेन लावूनच आत जा, अर्धा तास उघडू नका.

मिसळखाऊ · मंगळवार, रात्री १०:३३

टपरी नाही, मिसळीचं दुकान.

नदीकाठी · बुधवार, रात्री ११:५०

केलं पुन्हा. तिसरा फोटो ड्राइव्हवर टाकला आहे. काय काय केलं ते लिहितो, चुकत असेल तिथे कान धरा.

सगळं शून्यावर आणलं. व्हाइट बॅलन्स ५४००. एक्स्पोजर +०.८, कारण घेतानाच कमी घेतला होता. पूर्ण फोटोला डिहेझ शून्य, क्लॅरिटी शून्य. इथेच निम्मं काम झालं, चिखलाचं दूध झालं.

मग खालून वर ग्रेडियंट मास्क ओढला, होडीच्या काठापर्यंत. फक्त तेवढ्यात ब्लॅक्स −२५, टेक्स्चर +२०, डिहेझ +१२. दगड ओले दिसायला लागले. आश्चर्य म्हणजे दगड काळे झाल्याबरोबर मागचं धुकं आपोआप उजळ वाटायला लागलं, त्याला मी हातही लावला नव्हता. काकांचा 'पुढचा दगड बर्न कर' तेव्हा कळला.

मधल्या पाण्याला काही केलं नाही. म्हणजे चार वेळा केलं आणि चारही वेळा मागे घेतलं.

मागच्या रांगेवर दुसरा मास्क, तिथे डिहेझ उलट −८. दुसरी रांग आणखी मागे गेली. टॉवर आहे, पण बघायचा म्हटला तर दिसतो इतकाच. टॉवर नको यांची माफी, पुसला नाही.

निळ्या पट्टीसाठी बराच वेळ बसलो. शेवटी ब्रशने तापमान चिमूटभर निळ्याकडे नेलं, म्हणजे ती पांढऱ्या धुक्यातून वेगळी दिसावी. निफाडकर दादा, ती तुमची.

धुळीचे ठिपके अकरा निघाले. ते शोधायला मुद्दाम डिहेझ +१०० केलं, सगळे पुसले आणि परत शून्यावर आणलं. त्या स्लायडरचा मला सापडलेला सर्वात चांगला उपयोग हाच.

एक अडचण राहिली आहे. जेपेग करून व्हॉट्सॲपवर पाठवला तर सूर्याभोवती वर्तुळं वर्तुळं दिसतात, कांदा कापल्यासारखी. रॉमध्ये नाहीत.

शटरबंद · गुरुवार, सकाळी ८:१०

जमलं राव! वर्तुळांचं कारण असं, १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाला १६,३८४ पायऱ्या असतात, ८ बिटच्या जेपेगमध्ये २५६. त्यातून धुक्यातले रंग त्यांच्या छोट्याशा पट्ट्यात दाटीवाटीने बसलेले, तिथे वीस-तीसच पायऱ्या वाट्याला येतात. मग व्हॉट्सॲप आणखी दाबतं. एडिट १६ बिटमध्येच करा, शेवटी अगदी थोडं ग्रेन (बारीक दाणे) घाला, पायऱ्या त्यात विरतात. आणि पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

जुना कॅमेरा · गुरुवार, सकाळी ९:००

होडीच्या आतल्या बाजूचा अंधार अजून एक टिचकी उघडा. आत दोर आहे तो दिसू द्या. बाकी हात लावू नका. छापणार असाल तर मॅट कागदावर, चकचकीत नको. आधी पोस्टकार्डाएवढा नमुना काढा, स्क्रीनपेक्षा छपाई गडद येते.

नदीकाठी · गुरुवार, रात्री ९:२०

दोर उघडला. तो निळा नायलॉनचा निघाला, मला इतके दिवस सुंभाचा वाटत होता.

बायकोला दाखवला. बराच वेळ बघून म्हणाली, "थंडी वाजतेय. आणि हे डावीकडे काय जळतंय?"

येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे, या वेळी नांदूर मध्यमेश्वरला, गोदा-कादवा संगमाकडे. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) झालं तेव्हापासून जायचं जायचं चाललंय. कोण येतंय? गाडीत तीन जागा आहेत. गमबूट आणि दोन बॅटऱ्या आणा, गारठ्यात एक लवकर बसते.

मिसळखाऊ · गुरुवार, रात्री ९:२२

एक जागा माझी. कॅमेरा नाही.

टॉवर नको · गुरुवार, रात्री ९:४०

दुसरी माझी. कोरं फिल्म, तिसरी तुम्ही घ्या. रस्त्यात भांडू.

कोरं फिल्म · गुरुवार, रात्री १०:१५

येतो. मागच्या सीटवर बसणार नाही.

निफाडकर बागाईतदार · शनिवार, रात्री ९:३०

उद्या निघताय त्यांच्यासाठी. संध्याकाळपासून वारा सुटलाय आणि ढग आलेत. धुकं बसत नाही. आमच्याकडे आज शेकोट्या नाहीत, तुम्हीपण झोपा. सोमवारनंतर आभाळ मोकळं झालं की इथेच कळवतो.